विधानभवन आतून पाहायचंय? पास, सही आणि यादीची गोष्ट

कापसाचा पहिला वेचा घरात आला, दिवाळी झाली, की आमच्या विदर्भात एक प्रश्न हमखास निघतो. "अवो, यंदा अधिवेशन पाहाले जाता येते का?" कधी बचत गटाच्या ताई विचारतात, कधी जिल्हा परिषद शाळेचे गुरुजी, तर कधी नव्यानं निवडून आलेले ग्रामपंचायत सदस्य. अलीकडे या प्रश्नाला आणखी एक शेपूट लागलंय: "पण पास बंद झाले म्हणे?"

बातमी खोटी नाही, पण अर्धीच आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबईच्या विधानभवनात दोन आमदारांच्या समर्थकांमध्ये हाणामारी झाली. त्यानंतर विधानसभा अध्यक्षांनी जाहीर केलं, की अधिवेशनाच्या काळात सदस्य, त्यांचे अधिकृत स्वीय सहायक आणि सरकारी अधिकारी यांनाच आत सोडलं जाईल. त्याआधी १३ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीत दोन जणांनी प्रेक्षक गॅलरीतून थेट लोकसभेत उड्या मारून धुराची नळकांडी फोडली होती. तिथेही काही काळ पास थांबले. या दोन्ही बातम्या एकमेकींत मिसळून गावापर्यंत पोचल्या त्या अशा, की सरकारी इमारती आता साध्या माणसाला बंद.

तसं झालेलं नाही. काही दारं अधूनमधून बंद होतात, काहींना कोणाची तरी सही लागते, आणि काही दारं घरबसल्या मोबाईलवरून नोंदणी केली की उघडतात. यातलं कुठलं दार कसलं, हे ठाऊक नसल्यामुळे लोक एकतर जातच नाहीत, नाहीतर गाडी करून जातात आणि फाटकासमोर फोटो काढून परत येतात.

इमारत पाहणं वेगळं, सभागृह पाहणं वेगळं

जुन्या वाड्याची रचना आठवा. अंगणात कोणीही येतो, ओसरीवर ओळखीचा माणूस टेकतो, माजघरात सोयरेधायरे जातात आणि देवघरात घरचेच. अंगणात आलात म्हणून कोणी तुम्हाला माजघरात बोलावत नाही, आणि त्यात अपमान झाला असंही कोणी मानत नाही.

राजधानीतल्या इमारतींचे टप्पे असेच असतात. पहिला टप्पा आवाराचा, म्हणजे फाटकाच्या आतला मोकळा भाग. दुसरा इमारतीचा, म्हणजे दालनं, जिने, सोबतचा माहीतगार माणूस दाखवील तेवढं. तिसरा प्रेक्षक गॅलरीचा, म्हणजे सभागृहाच्या वरच्या बाजूची ती जागा जिथून खाली चाललेलं कामकाज बसून पाहता येतं. प्रत्यक्ष सभागृहात, सदस्य बसतात तिथे, कामकाज सुरू असताना बाहेरचा माणूस जातच नाही.

कागदोपत्री या सगळ्या पाहुण्यांना 'अभ्यागत' म्हणतात. अर्जात, फलकावर हा शब्द दिसला की तो तुमच्यासाठीच आहे.

तेव्हा पहिला प्रश्न "पास मिळेल का" हा नाहीच. तुम्हाला नेमकं काय पाहायचंय, तो पहिला प्रश्न. वास्तू पाहायची असेल तर अधिवेशन नसतानाचे दिवस बरे. भाषणं, गोंधळ, मंत्र्यांची उत्तरं पाहायची असतील तर अधिवेशनातच जावं लागेल आणि गॅलरीचाच पास लागेल. दोन्ही एकाच दिवशी, एकाच कागदावर होईल ही आशा सोडा.

सही कोणाची चालते?

इथे बरीच धावपळ वाया जाते. लोक तहसीलदारांकडून दाखला आणतात, पोलीस पाटलांचं पत्र घेतात. एका गटानं तर ग्रामसभेचा ठराव जोडला होता, शिक्क्यासकट. ठराव सुंदर होता. उपयोग शून्य.

कारण असं. संसदेला आणि राज्याच्या विधिमंडळाला आपलं कामकाज कसं चालवायचं याचे नियम स्वतः करण्याचा अधिकार संविधानानं दिलाय. संसदेसाठी कलम ११८, राज्यासाठी कलम २०८. त्या नियमांनुसार सभागृहाच्या गॅलरीत कोणाला येऊ द्यायचं हे त्या सभागृहाचे अध्यक्ष किंवा सभापती ठरवतात, आणि त्यांच्या वतीनं सचिवालय पास देतं. जिल्हाधिकाऱ्यांचा किंवा तहसीलदारांचा त्यात काही हात नाही. सचिवालय तुम्हाला ओळखत नाही, म्हणून ते एका ओळखीच्या माणसाची शिफारस मागतं. तो माणूस म्हणजे सभागृहाचा सदस्य. विधानसभेसाठी आमदार, विधान परिषदेसाठी तिथले सदस्य, संसदेसाठी खासदार.

आपल्या विदर्भातून विधानसभेवर ६२ आमदार जातात आणि लोकसभेवर १० खासदार. शिवाय विधान परिषदेचे आणि राज्यसभेचे सदस्य वेगळे. म्हणजे "आमचे आमदार दुसऱ्या पक्षाचे, ते कशाला देतील" ही सबब फार टिकत नाही. शिफारस आपल्याच मतदारसंघातल्या सदस्याची हवी असं नाही. पण सही करणारा सदस्य "या व्यक्तीला मी ओळखतो" अशी जबाबदारी घेत असतो, म्हणून आपलं माणूस शोधणं सोपं पडतं.

ही जबाबदारी तोंडदेखली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये उड्या मारणाऱ्यांचे पास एका खासदारांच्या शिफारशीवरच निघाले होते आणि पुढे त्या खासदारांना बरीच उत्तरं द्यावी लागली. त्यामुळे आता तुमच्या आमदारांचे पीए दहा प्रश्न विचारत असतील, प्रत्येकाचं आधार मागत असतील, "एवढे सगळे कोण आहेत?" म्हणत असतील, तर राग धरू नका. साहेबांची सही त्या यादीखाली अडकते.

नागपूर: सगळ्यात जवळ, सगळ्यात अवघड

आपल्यासाठी विधानभवन म्हणजे नागपूरचं. १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानीच होती, आधी मध्यप्रांत-वऱ्हाडाची आणि स्वातंत्र्यानंतर तेव्हाच्या मध्य प्रदेशाची. विदर्भ मराठी राज्यात यावा यासाठी २८ सप्टेंबर १९५३ रोजी नागपूर करार झाला. त्यात दरवर्षी विधिमंडळाचं निदान एक अधिवेशन नागपुरात भरवावं असं ठरलं, आणि १९६० पासून हिवाळी अधिवेशन इथे येतं. २०२० आणि २०२१ ही कोरोनाची वर्षं गेली तशीच. २०१८ साली उलटा प्रकार झाला: पावसाळी अधिवेशन नागपुरात घेतलं आणि जुलैच्या एका पावसात विधानभवनाच्या आवारातच पाणी शिरून वीज गेली.

पण खेड्यातल्या माणसानं हे विधानभवन पाहिलंय ते बहुतेक बाहेरूनच, मोर्चात, पोलिसांच्या कठड्यापर्यंत. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी गोवारी समाजाचा मोर्चा असाच अडवला गेला आणि चेंगराचेंगरीत ११४ माणसं गेली. आमच्याकडच्या कित्येक घरांत 'अधिवेशन' म्हटलं की आजही तोच दिवस आठवतो. म्हणून कोणी आजी "मी न्हाई येत तिकडे" म्हणाली, तर तिला अडाणी समजू नये.

आता व्यवहाराचं. नागपूरचं अधिवेशन फार लहान असतं. २०२५ सालचं ८ ते १४ डिसेंबर, म्हणजे जेमतेम आठवडाभर. एवढ्याशा दिवसांत राज्यभरातल्या आमदारांची माणसं, शिष्टमंडळं, अधिकारी, पत्रकार सगळे एका आवारात. गॅलरीच्या खुर्च्या मोजक्या. त्यात जुलै २०२५ सारखे निर्बंध आले तर पास आणखी कमी होतात किंवा थांबतात. हे अधिवेशनागणिक बदलतं, म्हणून गेल्या वर्षी कोणाला पास मिळाला यावर विसंबू नका. अधिवेशन सुरू होण्याआधी पीएंना विचारा: यंदा गॅलरीचे पास निघणार आहेत का, निघणार असतील तर एका सदस्यामागे किती?

दिवस निवडताना पहिला दिवस टाळा. त्या दिवशी कागदपत्रं सभागृहापुढे ठेवली जातात, शोकप्रस्ताव होतो, आणि बरेचदा कामकाज लवकर संपतं. पहाटे चारला गाडी काढून आलेल्या बाया अर्ध्या तासात बाहेर. मधला दिवस घ्या, आणि जमलं तर प्रश्नोत्तराचा तास गाठा. त्यात मंत्र्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि खतं, वीज, पीक विमा, घरकुल असले आपल्या ओळखीचे विषय निघतात. लांबलचक विधेयकाच्या चर्चेत नवखा माणूस पेंगतो. पेंगला तर मार्शल येऊन उठवतो, तोही अनुभव म्हणा.

कॉलेजातल्या मुलांसाठी एक वेगळी वाट आहे आणि ती फार कमी जणांना ठाऊक असते. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा हिवाळी अधिवेशनाच्या वेळी नागपुरात संसदीय अभ्यासवर्ग घेते. राज्यातल्या विद्यापीठांत राज्यशास्त्र, लोकप्रशासन शिकणारे पदव्युत्तर विद्यार्थी त्यात येतात, सदस्यांची व्याख्यानं ऐकतात, कामकाज पाहतात. नावं विद्यापीठाकडून जातात, त्यामुळे विभागप्रमुखांकडे वेळेत चौकशी करायची.

आणि अधिवेशन नसताना? २०२१ पासून नागपूरच्या विधानभवनात विधिमंडळ सचिवालयाचा कायमचा कक्ष आहे. शाळेच्या किंवा संस्थेच्या लेटरहेडवर तिथे लेखी विचारणा करता येते. गर्दी नसलेल्या दिवशी रिकामं सभागृह पाहायला मिळालं तर माझ्या मते सातवी-आठवीच्या पोरांना तेच जास्त समजतं. अध्यक्ष कुठे बसतात, विरोधक कुठे, हे नीट दाखवता येतं.

मुंबई: मंत्रालय सोडा, स्टेशनसमोरची इमारत पाहा

मुंबईचं विधानभवन नरिमन पॉइंटला आहे. १९ एप्रिल १९८१ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशनं तिथे भरतात, आणि पासाचे नियम वर सांगितले तेच.

मंत्रालय ही मात्र पाहायची जागा नव्हे, ते कामाचं ठिकाण आहे. तिथे प्रवेश मिळतो तो अमुक विभागात अमुक काम आहे म्हणून. २०२५ मध्ये तिथे चेहरा ओळखणारी यंत्रणा बसवली आणि अभ्यागतांसाठी 'डिजी प्रवेश' नावाचं ॲप आणलं. सहलीची बस घेऊन तिथे जाण्यात काही अर्थ नाही.

त्यापेक्षा दोन जागा सुचवतो. एक, मुंबई महापालिकेचं मुख्यालय. १८९३ साली पूर्ण झालेली ही दगडी इमारत आतून पाहण्यासाठी २०२१ पासून शनिवार-रविवारी माहितगारासोबत फेरी निघते. तिचा वास्तुकार फ्रेडरिक स्टीव्हन्स, म्हणजे समोरचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस बांधणाराच. विदर्भ एक्स्प्रेसमधून उतरलं की रस्ता ओलांडायचा, एवढंच. महापालिकेचं सभागृह पाहून ग्रामपंचायत सदस्य जे प्रश्न विचारतात ते ऐकण्यासारखे असतात, कारण त्यांना ठराव, सूचक, अनुमोदक हे सगळं आधीच ठाऊक असतं.

दुसरी जागा मलबार हिलवरचं राज्यपालांचं निवासस्थान. तिथे २०१६ साली जमिनीखाली इंग्रजांच्या काळचं भुयार सापडलं, जवळपास दीडशे मीटर लांब. आता त्यात क्रांतिकारकांवरचं दालन आहे, १४ जून २०२२ रोजी ते सुरू झालं. इथे आमदाराची सही लागत नाही, ऑनलाइन नोंदणी करावी लागते. मात्र राज्यपालांचे कार्यक्रम असले की फेरी बंद, म्हणून तारीख नक्की झाल्याशिवाय रेल्वेचं तिकीट काढू नका.

दिल्ली: सगळ्यात मोठं दार सगळ्यात सोपं

ऐकून नवल वाटेल, पण या सगळ्यांत आत जायला सर्वांत सोपी इमारत म्हणजे राष्ट्रपती भवन. ३४० खोल्या, ३३० एकरांचा परिसर, बांधायला १७ वर्षं लागलेली वास्तू. २००७ ते २०१२ या काळात ज्या प्रतिभाताई पाटील इथे राष्ट्रपती होत्या, त्या एकेकाळी अमरावतीच्या खासदार होत्या. इथे शिफारस लागत नाही. राष्ट्रपती भवनाच्या संकेतस्थळावर जाऊन तारीख आणि वेळ निवडायची, प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक भरायचा, थोडं शुल्क भरायचं. मुख्य इमारत, संग्रहालय आणि उद्यान अशा तीन वेगळ्या फेऱ्या आहेत. एकीची नोंदणी केली म्हणजे दुसरी झाली असं नाही. सोमवारी बंद.

तिथलंच अमृत उद्यान साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये लोकांसाठी खुलं होतं आणि त्याला पैसे लागत नाहीत. आपल्या बायाबापड्यांसाठी सांगण्यासारखी गोष्ट अशी, की काही दिवस खास गटांसाठी राखलेले असतात. २०२३ मध्ये २८ मार्च शेतकऱ्यांसाठी होता, आणि ३१ मार्च महिलांसाठी, त्यातही आदिवासी बचत गटांचा मुद्दाम उल्लेख होता. मेळघाटातल्या किंवा धानोऱ्याच्या गटानं दरवर्षी जानेवारीत एवढं पाहून ठेवायला हरकत नाही.

सर्वोच्च न्यायालयातही माहितगारासोबतची फेरी २०१८ पासून सुरू आहे, तीही ऑनलाइन नोंदणीवर. नागपूरचे शरद बोबडे आणि अमरावतीचे भूषण गवई या दोघांनी तिथे सरन्यायाधीशपद सांभाळलंय, त्यामुळे पोरांना कुतूहल असतंच.

संसदेचं गणित वेगळं. नवी इमारत २८ मे २०२३ रोजी खुली झाली आणि त्या वर्षी १९ सप्टेंबरपासून कामकाज तिथे हललं. जुन्या गोल इमारतीचं नाव आता संविधान सदन. नव्या लोकसभेत ८८८ आणि राज्यसभेत ३८४ आसनांची सोय आहे, आणि आतलं सागवान गेलंय आपल्या नागपूरहून. अधिवेशनात गॅलरीचा पास खासदारांच्या शिफारशीनं निघतो, साधारण आदल्या दिवशी अर्ज देऊन, आणि तो बहुधा एका तासाचाच असतो. दहा वर्षांखालच्या मुलांना गॅलरीत नेत नाहीत. शाळा-कॉलेजच्या गटांसाठी लोकसभा सचिवालयाची 'प्राइड' नावाची प्रशिक्षण संस्था अभ्यासभेटी घडवते. तिला मुख्याध्यापकांच्या किंवा प्राचार्यांच्या सहीचं पत्र आधी पाठवावं लागतं.

इथेच दिल्लीच्या सहलीची खरी अडचण आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी सुरू होतं आणि आमच्याकडच्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. संसदेचा पास मात्र आदल्या दिवशी हातात येतो, किंवा येत नाही. त्यात सभागृह गोंधळानं तहकूब झालं तर तुमचा तास रिकाम्या खुर्च्या पाहण्यात जातो. म्हणून बेत राष्ट्रपती भवनाच्या तारखेभोवती आखा. ती तारीख आधी पक्की होते. संसद झाली तर झाली. "संसद पाहायला चाललो" असं गावभर सांगून निघालेल्यांचे चेहरे परतताना बघवत नाहीत.

"आपल्याच पैशानं बांधलेल्या इमारती, मग एवढी झडती कशाला?"

प्रश्न रास्त आहे. पण उत्तर तारखांत आहे. १३ डिसेंबर २००१ रोजी संसदेवर अतिरेकी हल्ला झाला. बरोबर बावीस वर्षांनी, त्याच तारखेला, गॅलरीतून उड्या पडल्या. मे २०२४ पासून संसदेच्या सुरक्षेचं काम केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेलं. झडती कडक झाली ती त्यामुळे.

माझी तक्रार झडतीबद्दल नाही, माहितीबद्दल आहे. यंदा पास सुरू आहेत का, कोणत्या दिवशी, किती, एवढं जरी तालुक्याच्या ठिकाणी मराठीत लिहून लावलं तरी निम्मी धावपळ वाचेल. सध्या ते कळतं ते ओळखीतून. ज्याची ओळख नाही तो समजतो, की आपल्याला मुद्दाम टाळलं.

गॅलरीत मोबाईल, पिशवी, कॅमेरा, छत्री, पाण्याची बाटली काही नेता येत नाही. टाळी वाजवायची नाही, घोषणा तर नाहीच, आपल्या आमदाराला वरून हात करायचा नाही. आणि एक खास वैदर्भीय सूचना: खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूची घोटलेली पुडी. सदऱ्याच्या खिशात, कमरेच्या पिशवीत, धोतराच्या सोग्यात, जिथे असेल तिथून तो फाटकावर निघतोच. चाळीस माणसांची रांग एका पुडीसाठी थांबते आणि मागचे लोक शिव्या देतात. निघतानाच गाडीत ठेवून द्या.

यादी: बहुतेक सहली इथेच फसतात

पासासाठी दिलेली यादी आणि प्रत्यक्ष आलेली माणसं जुळली नाहीत, की सगळा गट अडतो. आमच्याकडे तीन गोष्टी हमखास होतात.

पहिली नावाची. बाईचं आधार माहेरच्या नावाचं, मतदान ओळखपत्र सासरच्या नावाचं, आणि गटाच्या वहीत तिसरंच, हाक मारायचं नाव. यादी लिहिणारा वहीवरून लिहितो. फाटकावरचा जवान आधार पाहतो. यादी नेहमी सोबत नेणार त्याच ओळखपत्रावरून, अक्षर न् अक्षर तसंच लिहावी. वय आणि पत्ताही त्यावरूनच.

दुसरी गोष्ट ऐनवेळच्या बदलीची. शेवंतामावशीच्या सुनेला दिवस भरत आले म्हणून तिच्या जागी जाऊ आली, असं गावात सहज होतं. बसमध्ये चालतं, पासावर चालत नाही. म्हणून दोन-चार जास्तीची नावं आधीच यादीत द्या. आली नाहीत तर कोणी विचारत नाही.

तिसरी गोष्ट झेरॉक्सची. मूळ ओळखपत्र घरी, ट्रंकेत, "हरवेल म्हणून". सोबत फक्त झेरॉक्स, तीही काळी. मूळ कागद लागतो. गटातल्या एका जबाबदार बाईकडे सगळ्यांची मूळ ओळखपत्रं एका पिशवीत ठेवली तर हरवत नाहीत, मात्र फाटकावर ती ज्याची त्याच्या हातात द्यायला विसरू नका.

गट मोठा असेल तर तुकड्या करा. साठ माणसांची गॅलरी एकाच वेळी जवळपास कोणालाच मिळत नाही. पंधरा-वीसचे गट आणि प्रत्येकाला एक म्होरक्या, असं केलं की पीएही हो म्हणायला तयार होतात.

"पैसे किती द्यावे लागतात?"

गॅलरीच्या पासाला एक रुपयाही लागत नाही. राष्ट्रपती भवनासारख्या ठिकाणचं जे शुल्क आहे ते ऑनलाइन भरायचं आणि त्याची पावती मिळते. "माणशी तीनशे द्या, मी अधिवेशनाचे पास काढून देतो" म्हणणारा कोणी चौकात भेटला, तर तो एकतर तुमचाच अर्ज तुमच्याच आमदारांच्या पीएकडे नेऊन देणार, नाहीतर नुसताच पसार होणार.

खरा खर्च प्रवासाचा. शाळांना एसटीत शैक्षणिक सहलीसाठी भाड्यात ५० टक्के सवलत आहे. रेल्वेच्या सवलतींच्या यादीत ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांसाठी वर्षातून एकदा अभ्याससहलीला दुसऱ्या वर्गात ७५ टक्के सूट आहे, तिच्यासाठी मुख्याध्यापकांचं ठरावीक नमुन्यातलं पत्र लागतं. शाळेनं शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमतीपत्रं आधी गोळा करावीत, हे गुरुजींना सांगायला नको. ग्रामपंचायत सदस्यांसाठी राष्ट्रीय ग्राम स्वराज अभियानात अभ्यासदौऱ्यांची तरतूद असते. पंचायत समितीत विस्तार अधिकाऱ्यांना विचारून पाहावं, स्वतःहून कोणी सांगायला येत नाही.

"टीव्हीवर दिसतंच की सगळं"

दिसतं. २०२१ पासून संसद टीव्ही आहे, विधिमंडळाचं कामकाजही मोबाईलवर थेट पाहता येतं. पण कॅमेरा दाखवतो तो बोलणारा माणूस. गॅलरीतून दिसतो तो न बोलणारा. कोण कागद वाचतोय, कोण शेजाऱ्याशी गप्पा मारतोय, आपल्या भागाचा प्रश्न निघाला तेव्हा आपले आमदार जागेवर आहेत की नाहीत. एका बचत गटाच्या अध्यक्षबाई बाहेर येऊन म्हणाल्या होत्या, "आमच्या मिटिंगीत इतक्या जणी गैरहजर राहिल्या तर दंड लावतो आम्ही."

"पाहायला नाही, काम घेऊन जायचंय"

मग हा सगळा खटाटोप करू नका. गॅलरीत निवेदन नेता येत नाही, आणि पास घेऊन गेलेला माणूस मंत्र्यांच्या दालनात शिरू शकत नाही. कामासाठी जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी आणि तालुक्याला तिसऱ्या सोमवारी लोकशाही दिन असतो, आधी तिथे अर्ज द्या. अधिवेशनाच्या काळात प्रश्न सभागृहात यावा असं वाटत असेल, तर गावाचं, गट क्रमांकाचं, तारखांचं पूर्ण टिपण आमदारांकडे अधिवेशनाच्या बरंच आधी पोचायला हवं, कारण तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, सूचना कित्येक दिवस आधी द्यावी लागते. डिसेंबरात आमदार निवासाच्या जिन्यावर हातात कोंबलेला कागद त्या अधिवेशनात कामाला येत नाही. दिलाच, तर दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, तारीख आणि सही असलेली.